भाऊसाहेबांच्या पिवळ्या टिपा

भाऊसाहेबांनी बायकोचं म्हणणं तंतोतंत पाळलं असे प्रसंग त्यांच्या संसारात फारसे नाहीत. त्यातल्या ताज्या प्रसंगाने एवढा गोंधळ घातला, की चूक आपली नव्हती, आज्ञापालनाची होती, असं ते आजही छातीठोकपणे सांगतात.

झालं असं, की लेकीचे दिवस भरत आले होते. ती राहायची लांबच्या शहरात. भाऊसाहेब आणि काकू (बिल्डिंगमध्ये भाऊसाहेबांच्या बायकोला बहुतेक सगळे काकूच म्हणत) दोघांनी तिच्याकडे जाऊन राहायचं, हे पक्कं होतं. प्रश्न होता आत्याचा. ही भाऊसाहेबांच्या वडिलांची धाकटी बहीण. भाऊसाहेबांची आई ते लहान असतानाच गेली, तेव्हा आत्याने त्यांना मांडीवर घेतलं आणि मग स्वतःचा संसार मांडायचं राहूनच गेलं. भाऊसाहेबांचे केस गेले, दात हलायला लागले, तरी आत्यासाठी ते 'बाळ्या'च होते. आता तिचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. म्हणून काकूंच्या धाकट्या भावाने घरी येऊन राहायचं ठरलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, ते नुकतंच त्याने बंद केलं होतं. माणूस एकटा, शांत, आणि कोणी काही बोललं की 'बरं' म्हणणारा. भाऊसाहेबांना याच 'बरं'ची धास्ती होती. कचेरीत जी माणसं 'बरं' म्हणायची, ती काम कधीच करायची नाहीत.

भाऊसाहेब सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी परिपत्रकं काढण्यात गेली. पंखे बंद करण्याविषयी एक परिपत्रक, आणि ते वाचल्याची सही करण्याविषयी दुसरं. तेव्हा घर आणि आत्या मेव्हण्याच्या हवाली करायची, तर लेखी सूचना हव्यातच. त्यांनी लिहायला घेतलं. गिझरवर तीन पानं झाली तेव्हा काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय चाललंय?"

"घराची माहिती. परिशिष्टं अजून व्हायचीत."

"माझा भाऊ राहायला येतोय, खात्याच्या परीक्षेला बसत नाहीये. एक पान लिहा. एकाच्या वर गेलात तर मी एकटी जाते, तुम्ही बसा परिशिष्टं लावत."

एका पानात घर बसवायचं म्हणजे पिशवीत कपाट कोंबायचं. भाऊसाहेब दोन दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखे वावरले. आणि मग त्यांना कॉम्प्युटरवर तो शोध लागला. शब्दाला लिंक जोडता येत होती, हे त्यांना माहीत होतं. पण त्या लिंकला एक टीपही जोडता येत होती! शब्दावर माऊसचा बाण नेऊन जरा थांबलं, की एक छोटीशी पिवळी चौकट उमटायची आणि तिच्यात आपण लिहिलेली टीप दिसायची. बाण हलवला की चौकट गायब. भाऊसाहेबांना गहिवरून आलं. वर एक सुटसुटीत पान आणि आत अख्खी फाईल! हे यंत्र नोकरीत असताना मिळालं असतं तर ते सचिव होऊन निवृत्त झाले असते.

पान एकच राहिलं. वर छोटी अनुक्रमणिका, खाली शब्दांची रांग: फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, मग आत्याची सकाळ, आत्याचा चहा, आत्याची दुपार, आत्याचा रुसवा, मग कुंड्यांचं ऊन, कुंड्यांचं पाणी, कुंड्यांची छाटणी, कचरा. प्रत्येक शब्द निळा, प्रत्येकाखाली रेघ, आणि प्रत्येकाच्या पोटात पिवळी टीप. यंत्रांच्या शब्दांना त्या त्या कंपनीचं संकेतस्थळ जोडलेलं, बाकीच्यांना फोटो. सगळ्यात जास्त मेहनत आत्याच्या टिपांवर. एकेक वाक्य खोडून खोडून लिहिलेलं, कारण चौकटीत फार मजकूर मावत नाही आणि आत्या तर कशातच मावत नाही.

काकूंनी पान पाहिलं, "शहाणे झालात हो," म्हणाल्या आणि बॅगा भरायला गेल्या. भाऊसाहेबांनी मेव्हण्याला फोन केला.

"भाऊजी, माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, आणि तुमचा लॅपटॉप तुमच्याबरोबर जाणार," मेव्हणा म्हणाला. "फोनवर पाठवा ना. ते पीडीएफ का काय म्हणतात, ते करून."

"त्यात काय, लगेच करतो," भाऊसाहेब म्हणाले. माणसाच्या तोंडून 'त्यात काय' निघालं, की नियती कान टवकारते.

पीडीएफ झाली. पान जसंच्या तसं, निळे शब्द, रेघा, सगळं जागेवर. भाऊसाहेबांनी 'आत्याचा चहा'वर बाण नेला. टीप नाही. नुसता फोटोचा पत्ता, कुठल्या कप्प्यात कुठली फाईल आहे ते. दुसऱ्या शब्दावर नेला, तिथेही तेच. चष्मा पुसून नेला, डावीकडून नेला, हळूच, बेसावध गाठल्यासारखा नेला. टिपा गेल्या होत्या. घर राहिलं होतं आणि माणसं निघून गेली होती.

आता अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण भाऊसाहेबांनी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना सांगितलं. बँकवाले म्हणजे निवृत्त शाखाधिकारी. त्यांना न विचारता सल्ला देता यायचा, मग विचारल्यावर काय होणार!

"एवढंच ना? फोटो काढा. बाण नेला, चौकट आली, की स्क्रीनचा फोटो घ्या. एक बटण दाबायचं."

भाऊसाहेबांनी बटण दाबलं. बटण दाबताक्षणी चौकट लाजून आत गेली. फोटो आला तो नुसत्या पानाचा. तेव्हा बँकवाले स्वतः खाली उतरले आणि त्यांनी सुधारित योजना मांडली: एकाने माऊस धरायचा, दुसऱ्याने फोनने पडद्याचा फोटो काढायचा. माऊस धरायला काकूंना बोलावलं. काकूंच्या हाताला कणीक होती, ती माऊसला लागली. बाण हलेना, हलला तेव्हा एकदम दोन ओळी खाली घसरला.

"स्थिर धर," भाऊसाहेब म्हणाले.

"स्थिरच आहे. तुमची टीपच पळतेय."

"वहिनी, श्वास रोखा," बँकवाले म्हणाले.

काकूंनी श्वास रोखला आणि त्यांना शिंक आली. शेवटी जे फोटो निघाले, त्यांच्यात टिपांपेक्षा भाऊसाहेबांचं टक्कलच जास्त दिसत होतं, कारण मागच्या खिडकीचा उजेड त्याच्यावरून थेट पडद्यावर पडत होता. एका फोटोत तर 'आत्याचा रुसवा' या शब्दांवर चंद्र उगवल्यासारखा झाला होता. बँकवाल्यांना तो आवडला. त्यांनी तो स्वतःच्या फोनवर मागून घेतला.

मग भाऊसाहेब रीतसर मार्गाला लागले. ज्या कंपनीचा तो प्रोग्रॅम होता, तिच्या मदतकेंद्राला त्यांनी पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून', सगळं. आत मागणी एकच, की फाईलचं रूप बदलताना लिंकवरच्या टिपा कायम राहाव्यात. उत्तर लगेच आलं: 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' पाठोपाठ दुसरं: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?'

भाऊसाहेब बराच वेळ त्या दोन वाक्यांकडे बघत बसले. ही त्यांची वाक्यं होती. असल्या वाक्यांनी त्यांनी किती माणसं दारातून परत पाठवली होती! ती आपल्यावर उलटली की कशी लागतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी 'समाधानी नाही' वर टिचकी मारली. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार,' उत्तर आलं.

तेवढ्यात बँकवाले पुन्हा खाली आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की पीडीएफऐवजी वेबपान केलं तर टिपा टिकतात. भाऊसाहेबांनी तसं केलं, आणि खरंच! बाण नेला की चौकट उमटत होती. रंग थोडा फिका झाला होता, पण अक्षर न् अक्षर शाबूत. भाऊसाहेबांनी बँकवाल्यांना मिठी मारली. दोघेही मग थोडे अवघडले. पान मेव्हण्याला गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेव्हण्याचा फोन. "भाऊजी, आलं पान. छान आहे. पण बाण कुठून आणू?"

"म्हणजे?"

"माझ्या फोनला बाणच नाही. बोट आहे."

खरंच की. बोट काही शब्दावर तरंगत राहू शकत नाही. एक तर ते टेकतं, नाहीतर टेकत नाही. टेकलं की लिंक उघडते. "तुम्ही कशाला हात लावू नका," भाऊसाहेब घाईघाईने म्हणाले.

"बरं," मेव्हणा म्हणाला. पण त्याने आधीच हात लावला होता. 'गिझर' या शब्दावर. लिंक थेट कंपनीच्या दुकानात गेली होती, तिथे नाव आणि पत्ता विचारला होता, आणि मेव्हण्याला वाटलं होतं की भाऊजींचीच काहीतरी पद्धत असेल, राहायला येणाऱ्याने नाव-पत्ता द्यायचा असेल. सकाळी त्याच्या दारात एक माणूस नवा गिझर खांद्यावर घेऊन उभा होता. "वापरून बघा, नको असेल तर परत नेऊ." मेव्हण्याने त्याला बसवलं, पाणी दिलं, त्याचा चष्मा वाकडा झाला होता तो सरळ करून दिला आणि गिझरसकट परत पाठवलं. भाऊसाहेबांना मात्र हे ऐकून रात्रीचं जेवण गेलं नाही.

"अहो, तो दोन दिवसांत येतोच आहे," काकू म्हणाल्या. "तोंडाने सांगा."

"तोंडी आदेशाला किंमत नसते," भाऊसाहेब म्हणाले. पण खरं कारण ते नव्हतं. गिझर तोंडाने सांगता आला असता. आत्याबद्दल जे लिहिलं होतं, ते तोंडाने सांगणं त्यांना जमलं नसतं. दुसऱ्या माणसासमोर, तेही आत्या शेजारच्या खोलीत असताना, 'ती गप्प झाली की तिच्याजवळ बसा' असं म्हणायचं?

म्हणून ते शेवटी चौकातल्या डीटीपीवाल्या बाईंकडे गेले. बाई एकाच वेळी तीन लग्नपत्रिका आणि एक प्रबंध करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिंकवरचा मजकूर सगळा बाहेर काढून प्रत्येक शब्दाखाली छापून देते. उद्या घरी पोचवू. तीन प्रती?"

"मजकूर जसाच्या तसा राहील ना?"

"काका, एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही."

आणि बाईंनी शब्द पाळला. अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. पण वरच्या अनुक्रमणिकेच्या ओळीसुद्धा लिंकच होत्या, आणि त्यांना टिपा नव्हत्या. बाईंनी एका बाजूला लिंकची यादी काढली, दुसऱ्या बाजूला टिपांची, आणि दोन्ही ओळीने जुळवत गेल्या. त्यामुळे प्रत्येक टीप आपलं घर सोडून काही घरं वर जाऊन राहिली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब तिकिटांची खात्री करायला बाहेर गेले होते. मेव्हणा सकाळीच येऊन पोचला होता. बाईंकडचं पाकीट आलं तेव्हा दार आत्याने उघडलं. भाऊसाहेब परतले तेव्हा आत्या जेवणाच्या टेबलापाशी बसली होती, नाकावर चष्मा, हातात छापील पान. समोर काकू आणि मेव्हणा, दोघेही पदार्थात मीठ जास्त झाल्यासारखे चेहरे करून.

"ये बाळ्या," आत्या म्हणाली. "हे तू लिहिलंस?"

"हो. म्हणजे, आलं का छापून? बरं झालंय ना?"

आत्या वाचायला लागली. "'गिझर. दुपारी डोळे मिटलेले असतात, पण झोपलेली नसते. तिच्याविषयी बोलू नका, सगळं ऐकू जातं.'"

भाऊसाहेबांनी कागदासाठी हात पुढे केला, आत्याने तो मागे ओढला.

"'फ्रिज. पहिल्यांदा नको म्हणेल. पुन्हा विचारा. तिसऱ्यांदा विचारू नका, चिडते.' हे एक वेळ चालेल. आता माझं ऐक. 'आत्याची सकाळ. कोवळं ऊन द्यावं. दुपारच्या उन्हात करपते.' 'आत्याचा चहा. आठवड्यातून दोनदाच पाणी. जास्त झालं तर खालून गळतं.'"

मेव्हणा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"'आत्याची दुपार. वाळलेला भाग कात्रीने छाटावा.'" आत्याने पान जरा लांब धरलं. "आणि हा शेवटचा. 'आत्याचा रुसवा. सकाळी दाराबाहेर ठेवावा. नेणारा माणूस येतो.'"

"अगं आत्या, ते कचऱ्याचं आहे!"

"ते कळलं मला."

"तसं नाही! टिपा सरकल्यात! तुझ्या टिपा यंत्रांवर गेल्या आणि कुंड्यांच्या तुझ्यावर आल्या. ही डीटीपीवाली..."

"बाळ्या," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज अचानक बारीक झाला. "गेले काही दिवस बघतेय मी. वरचे येतात, तुम्ही कुजबुजता, मी आले की कॉम्प्युटर बंद करतोस. मला वाटलं, मला कुठेतरी ठेवायचं चाललंय. या पोराच्या गळ्यात कसं बांधायचं, ते लिहिणं चाललंय. हा कागद हसण्यासारखा आहे, मला कळतं. पण शेवटचं वाचलं आणि काळीज हललं रे."

मेव्हण्याचे खांदे थांबले होते. भाऊसाहेबांनी आयुष्यभर खुलासे लिहिले, पण तोंडी खुलासा हा त्यांचा प्रांत नव्हताच. ते उठले, आतून लॅपटॉप आणला, आत्यासमोर ठेवला, आणि तिचा हात धरून माऊसवर ठेवला.

"हा बाण इथे ने. थांब. हलवू नकोस."

बाण 'आत्याची सकाळ'वर बसला. चौकट उमटली. आत्या ओठ हलवत वाचू लागली. 'उठल्यावर गुडघे धरलेले असतात. मदत मागणार नाही. आपण सहज तिथे असल्यासारखं उभं राहायचं आणि हात पुढे करायचा.'

चहा ओलांडून 'आत्याची दुपार'वर ती आपली आपण गेली. मघाशी वाचलेल्याच्या पुढे होतं: 'रेडिओ लावा, बंद करायला उठू नका. आवाज बंद झाला की ती डोळे उघडते.' मग पुढच्या शब्दावर. 'रुसली तर कारण विचारू नका. जवळ जाऊन बसा. थोड्या वेळाने स्वतःच बोलेल, तेही दुसऱ्याच विषयावर. तोच खरा विषय असतो.'

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. तोवर चौकट गेली होती. तिने बाण परत आणून परत वाचलं. काकू हळूच तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"हे सगळं तू बघत होतास?"

भाऊसाहेबांनी मान हलवली.

"मला वाटायचं, तू आपला पेपर वाचतोस." मग तिने खाकरून आवाज ताळ्यावर आणला. "पण चहाचं चुकलंय."

"काय चुकलंय?"

"'पहिल्यांदा नको म्हणेल, पुन्हा विचारा.' मला तो दुसरा चहा नकोच असतो. माझी जळजळ होते."

"अगं, पण तू घेतेस! रोज घेतेस!"

"तू पुन्हा विचारतोस म्हणून. तोंड एवढंसं करतोस. लहानपणी करायचास तसं. कोण नाही म्हणणार?"

भाऊसाहेब धपकन खुर्चीत बसले. किती वर्षांचा तो दुसरा चहा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. आपण रोज मोठ्या प्रेमाने, स्वतः उठून, दूध बेताचं घालून या बाईला जळजळ देत होतो! टिपांमध्ये ज्या टिपेचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता, तीच सपशेल चुकीची निघाली होती.

"आत्याबाई," मेव्हणा पहिल्यांदाच बोलला, "आत्ता चहा करणार होतो. तुम्हाला करू का?"

"नको."

"बरं," मेव्हणा म्हणाला, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याने तीनच कप चहा केला.

आत्या त्याच्या पाठीकडे बघत राहिली. "हा माणूस ऐकतो गं," ती काकूंना म्हणाली, आणि भाऊसाहेबांना ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

निघायच्या दिवशी गाडी दाराशी उभी होती. भाऊसाहेबांनी मेव्हण्याला गिझर दाखवला, कुंड्या दाखवल्या, पुन्हा गिझर दाखवला. काकूंनी बॅगा खाली नेल्यासुद्धा. भाऊसाहेब आत्याच्या पाया पडले तेव्हा तिने त्यांचा दंड धरून ठेवला.

"आता माझं ऐक. लेकीच्या घरी जातोयस. तिथे तुझं काही चालवू नकोस. तिची झोप मोडू नकोस. जावई भांडी घासत असेल तर घासू दे, कशी घासायची ते सांगू नकोस. बाळ रडलं की आधी आईकडे दे, मग..."

भाऊसाहेबांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

"लिहू नकोस," आत्या म्हणाली. "नुसतं ऐक."

पोचले त्या संध्याकाळीच त्यांनी घरी फोन लावला. लेक सोफ्यावर पाय वर करून बसली होती, काकू तिच्या पायांना तेल लावत होत्या. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली, मग मेव्हण्याने उचलला.

"सगळं ठीक ना? आत्या जेवली? रेडिओ..."

"भाऊजी, जरा नंतर करता का?" मेव्हणा घाईत होता. "आम्ही पत्ते खेळतोय. आत्याबाई लबाडी करतायत, मला पानांवर लक्ष ठेवायला हवं."

फोन बंद व्हायच्या आधी मागून हसण्याचा आवाज आला. खळखळून, दम लागेपर्यंत. भाऊसाहेब बंद फोन कानाला लावून तसेच उभे राहिले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"आत्या हसतेय," भाऊसाहेब म्हणाले. "अशी हसते हे मला माहीतच नव्हतं. हे मी कुठेच लिहिलेलं नाही."

"मग आता लिहायला घेऊ नका," काकू म्हणाल्या. "इकडे या, हा दुसरा पाय तुम्ही घ्या."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला, बाह्या सरसावल्या, आणि लेकीच्या पायाशी बसून, तेल किती घ्यायचं ते तिलाच विचारलं.